सरकारी अंदाजपत्रकांत शेतकरी स्त्रीचा वांटा

खळ्यावर धान्याची रास पडली म्हणजे माप कोणाच्या हातीं आहे याकडे घरांतील साऱ्यांचे डोळे लागलेले असतात. बलुतेदार किती नेतो, सावकार किती नेतो, घरांत किती येतें आणि बियाण्यासाठीं किती राहतें, यावर पुढील सालाचें सुखदुःख ठरतें. सरकारी अंदाजपत्रक हें देशाच्या खळ्यावरील मापच होय. तथापि घरच्या मापाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारा शेतकरी या मोठ्या मापाकडे पाठ फिरवून बसतो आणि शेतकऱ्याची बायको तर खळ्याच्या कडेलाच उभी राहते. या मासिकांत बियाणें, खतें, रोगराई व बाजारभाव यांविषयीं उत्तम लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीस आज हा विषय आणून बसवितों, त्याचें कारण एवढेंच कीं, शेतीच्या कामाचा निम्म्याहून अधिक भार जिच्या अंगावर आहे, तिच्या पदरांत सरकारी पैशाचें माप कसें पडतें, याचा विचार शेतकरी मंडळींनीं केला पाहिजे.

आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून नुकतेच निवृत्त झालों आहों. याद्या करणें, बेरजा जुळविणें आणि कागद पुढें सरकविणें यांतच आमचें आयुष्य गेलें. परंतु याद्या करणाऱ्यास एक गोष्ट कळते, ती ही कीं, यादींत कोणाचें नांव आहे यापेक्षां कोणाचें नांव नाहीं हेंच पुष्कळदां पाहण्यासारखें असतें.

एक जुनी यादी

सन २०१४ च्या फाल्गुनांत महाराष्ट्रांत मोठी गारपीट झाली, ती वाचकांच्या स्मरणांत असेलच. गहूं, हरभरा, कांदा, द्राक्षें, सर्व भुईसपाट झालें. नुकसानीच्या अनुदानाच्या याद्या करण्याचें काम आमच्याकडे होतें. एके दिवशीं एक विधवा बाई कचेरींत आली. आपलें नांव यादींत कां नाहीं, असें तिनें विचारिलें. आम्हीं सातबारा काढून पाहिला. मालकाच्या रकान्यांत तिच्या थोरल्या दिराचें नांव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलेलें होतें. नवरा वारल्यावर वारसाची नोंद झालेली नव्हती. तसें आम्हीं तिला सांगितलें. ती म्हणाली, "भाऊसाहेब, नांगरट मीं करविली, निंदणी मीं केली, गारा पडल्या त्या माझ्या डोईवर पडल्या. मग पैसे दुसऱ्याच्या नांवानें कसे आले?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. यादी नियमाप्रमाणें बिनचूक होती, तिच्यांत आमच्या लेखणीची एकही चूक नव्हती. तरी ज्याचें पीक गेलें त्यास पैसा मिळावा हा जो त्या अनुदानाचा हेतु, तो त्या बाईपुरता फसला होता. सरकारनें पैसा दिला, कारकुनानें वांटला, हिशेब जुळला आणि कष्ट करणारी रिकाम्या हातानें परत गेली. पुढें अंदाजपत्रकांतील स्त्रियांच्या वांट्याविषयीं जें जें आमच्या वाचनांत आलें, तें आम्हीं या बाईचा प्रश्न मनांत ठेवूनच वाचलें.

ही कल्पना आली कोठून

अंदाजपत्रक हें दिसावयास स्त्रीही नाहीं व पुरुषही नाहीं. त्यांत रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने, खतें अशा बाबी आणि त्यांपुढें आंकडे, एवढेंच असतें. परंतु रस्ता बाजारास जोडला कीं पाणवठ्यास जोडला, अवजाराची सूट जमिनीच्या मालकास दिली कीं काम करणारास दिली, यावरून तोच पैसा कोणाच्या उपयोगीं पडतो हें ठरतें. ही गोष्ट ध्यानांत घेऊन ऑस्ट्रेलिया देशाच्या सरकारनें १९८४ सालीं असा पायंडा पाडिला कीं, प्रत्येक खात्यानें आपल्या खर्चाचा स्त्रियांच्या स्थितीवर काय परिणाम होतो, तें अंदाजपत्रकाबरोबर लिहून द्यावें. दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेदाचें राज्य संपल्यावर १९९५ सालीं असेंच काम हातीं घेण्यांत आलें. पुढें अनेक देशांनीं हा मार्ग धरिला.

आपल्या देशांत नवव्या पंचवार्षिक योजनेंत (१९९७ ते २००२) स्त्रियांशीं संबंध असणाऱ्या खात्यांनीं निदान शेंकडा ३० पैसा त्यांच्याकडे वळवावा, असें ठरलें. त्यानंतर २००५-०६ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकाबरोबर स्त्रियांसाठींच्या खर्चाचें एक स्वतंत्र विवरणपत्र प्रथम सादर झालें. त्यांत १० मागण्यांखालील सुमारे १४,३७९ कोटी रुपये दाखविले होते. तेव्हांपासून तें विवरणपत्र दरसाल निघतें. प्रत्येक खात्यांत या कामासाठीं एक लहानसा कक्ष असावा, असेंही त्याच सुमारास ठरविण्यांत आलें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्त्रियांसाठीं निराळें अंदाजपत्रक करून निराळी थैली बांधणें, असा याचा अर्थ नव्हे. अंदाजपत्रक एकच. मात्र त्यांतील प्रत्येक बाब वाचतांना हा पैसा पुरुषास किती पोंचतो, स्त्रीस किती पोंचतो आणि न पोंचल्यास कोठें अडतो, असे प्रश्न विचारावयाचे. स्त्रियांचा वांटा मोजावयाचा तो असा.

विवरणपत्र कसें वाचावें

केंद्राच्या या विवरणपत्राचे हल्लीं तीन भाग आहेत. ज्या योजनांचा सर्वच्या सर्व पैसा स्त्रियांसाठीं आहे, त्या पहिल्या भागांत येतात. ज्यांत शेंकडा ३० ते ९९ वांटा स्त्रियांचा आहे, त्या दुसऱ्या भागांत. तिसरा भाग अलीकडचा असून, ३० हून कमी वांट्याच्या योजना त्यांत घालतात. २०२५-२६ सालीं पहिल्या भागांत सुमारे १,०५,५३५ कोटी, दुसऱ्यांत ३,२६,६७२ कोटी आणि तिसऱ्यांत १६,८२१ कोटी रुपये दाखविले होते. एकंदर बेरीज सुमारे ४ लक्ष ४९ हजार कोटी झाली. त्या सालच्या सगळ्या अंदाजपत्रकाशीं हें प्रमाण शेंकडा ८.८६ पडतें. त्याच्या आदल्या सालीं तें ६.८ होतें.

आंकडे वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि जन्मभर आंकड्यांत वावरलेल्या माणसास तीन ठिकाणीं थांबावेंसें वाटतें.

पहिलें ठिकाण वर्गवारीचें. ग्रामीण घरकुलांच्या योजनेचा सगळा पैसा कित्येक वर्षें पहिल्या भागांत, म्हणजे केवळ स्त्रियांचा म्हणून दाखविला गेला. घर स्त्रीच्या नांवें किंवा पतिपत्नींच्या जोड नांवें व्हावें असा त्या योजनेचा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. परंतु त्या घरांत नवरा, मुलें, सासूसासरे सारेच राहतात. सगळ्या घराचा खर्च बाईच्या खातीं मांडणें म्हणजे घरच्या किराण्याची सारी उधारी सुनेच्या नांवें लिहिण्यासारखें होय.

दुसरें ठिकाण अंदाजाचें. दुसऱ्या भागांतील वांटा कित्येक वेळां माणसें मोजून नव्हे, तर ठोकताळ्यानें लिहिला जातो. बियाण्याच्या योजनेंतील तीन हिस्से पैसा स्त्रियांस पोंचला असें म्हणावयाचें असेल, तर लाभ घेणाऱ्यांच्या यादींत स्त्रीपुरुषांचे रकाने निराळे पाहिजेत. रकाना नसेल तर आंकडाही नाहीं आणि आंकडा नसेल तर प्रश्न विचारावयास जागाच राहत नाहीं.

तिसरें ठिकाण खर्चाचें. तरतूद, सुधारलेला अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च या तीन निराळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारींत वर्तमानपत्रांत छापून येते ती तरतूद. त्यांतील किती पैसा खर्च झाला, हें पुष्कळ उशिरानें आणि लहान अक्षरांत येतें. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठीं २०१३ सालीं १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधि काढण्यांत आला. पहिलीं कित्येक वर्षें त्यांतील पुष्कळसा पैसा पडून राहिला. कणगींत धान्य आहे, पण चुलीवर कांहीं नाहीं, अशी ती स्थिति.

शेतीचा पैसा सातबाऱ्याच्या वाटेनें जातो

आतां आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळूं. खेड्यांतील ज्या स्त्रिया काम करितात, त्यांपैकीं सुमारे तीन-चतुर्थांश शेतीच्या कामांत आहेत, असें अलीकडील सरकारी पाहणी सांगते. उलट २०१५-१६ च्या कृषिगणनेंत देशांतील वहिवाटीच्या शंभर धारणांपैकीं केवळ १४ च्या आसपास स्त्रियांच्या नांवें निघाल्या. काम तिचें आणि कागद दुसऱ्याचा, ही दरी या दोन आंकड्यांत सरळ दिसते.

सरकारचा पैसा मात्र कागदाच्या वाटेनें जातो. २०१९ पासून शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये देणारी किसान सन्मान योजना जमीन ज्याच्या नांवें आहे, त्यावरून ठरते. पीककर्ज, नुकसानीचें अनुदान, ठिबकाचें अनुदान, या सर्वांस सातबारा व आठ-अ लागतो. अलीकडे शेतकऱ्यास जो ओळखक्रमांक देण्यांत येतो, तोही जमिनीच्या नोंदीवरच उभा आहे. आतां यंत्रें व अवजारें घेण्याच्या योजनेकडे पाहा. तींत इतर शेतकऱ्यांस किमतीच्या शेंकडा ४० सूट असेल तेथें स्त्रियांस शेंकडा ५० आहे. दहा टक्क्यांची ही अधिक सूट अंदाजपत्रकांत स्त्रीच्या बाजूनें मांडलेली आहे. परंतु अर्जाबरोबर उतारा तिच्या नांवाचा पाहिजे. तो शंभरांत कितीजणींपाशीं आहे? म्हणजे सूट वाढविली तरी दार बंदच राहिलें. पैसा वळविण्यापूर्वीं पाट खणावा लागतो, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.

पाट खणतां येतो, याचेंही उदाहरण आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें शिधापत्रिकेवर घरांतील १८ वर्षांवरील वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख म्हणून लिहावी, असें ठरविलें. एका कलमानें रकान्यांतील नांव बदललें. महाराष्ट्रांत शेतकरी संघटनेनें 'लक्ष्मीमुक्ति' नांवाची चळवळ करून नवऱ्यानें आपल्या जमिनींतील हिस्सा आपण होऊन बायकोच्या नांवें करावा, असा आग्रह धरिला. त्यानंतर १९९२ सालीं महसूल खात्यानेंही याविषयीं परिपत्रक काढिलें. पतीनें अर्ज केल्यास पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावतां येतें. यास सरकारच्या तिजोरींतून फारसें कांहीं द्यावें लागत नाहीं, परंतु तिजोरींतील पुष्कळ पैसा त्यामुळें योग्य ठिकाणीं पोंचतो.

मुलींचें तसेंच. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि देशानें २००५ सालीं हिंदु वारसाच्या कायद्यांत दुरुस्ती करून मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाबरोबर हक्क दिला. पण कायदा झाल्यावरही हक्कसोडपत्रांचे कागद कचेरींत येत राहिलेच. 'भावाच्या प्रेमाखातर' अशा अर्थाचे शब्द त्यांत आम्हीं शेकडों वेळां वाचले.

जमेची बाजू आणि वेळेचा हिशेब

अंदाजपत्रकास खर्चाप्रमाणेंच जमेचीही बाजू असते. २०१७ च्या जुलैंत वस्तु व सेवा कर सुरू झाला, तेव्हां स्त्रियांस दरमहा लागणाऱ्या सॅनिटरी पॅडवर शेंकडा १२ कर बसला. ही वस्तु पुरुषास लागतच नाहीं, म्हणून हा कर केवळ स्त्रियांवरच पडला. पुष्कळ ओरड झाल्यावर २०१८ च्या जुलैंत तो काढून टाकण्यांत आला. स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकशुल्कांत शेंकडा १ ची सवलत महाराष्ट्रानें २०२१ सालीं दिली, तीही जमेच्याच बाजूची गोष्ट.

याखेरीज एक हिशेब असा आहे कीं, तो रुपयांत मांडतां येत नाहीं. तो वेळेचा. २०२४ सालच्या वेळेच्या सरकारी पाहणींत असें आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत रोज सरासरी २८९ मिनिटें घालवितात आणि ज्या पुरुषांनीं घरकाम केलें त्यांचीं मिनिटें ८८ भरलीं. म्हणजे बाईचे जवळजवळ पांच तास बिनमजुरीचे. नळाचें पाणी, अंगणवाडी, गांवचा दवाखाना, पिठाची गिरणी, यांवर सरकार खर्च करितें तेव्हां तें या पांच तासांतील कांहीं वेळ सोडवून देत असतें. आणि पाण्याची योजना रखडली म्हणजे ती तूट कोणत्याही हिशेबांत दिसत नाहीं. कोणाची तरी सून ती डोक्यावरून वाहून आणीत असते.

२०२४ सालीं महाराष्ट्रांत 'लाडकी बहीण' योजना निघाली. अडीच लक्ष रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये देण्याचें ठरलें. २०२५-२६ सालीं तीसाठीं ३६,००० कोटींची तरतूद होती. स्वतःच्या खात्यांत स्वतःचा पैसा आल्यानें बाईस घरांत बोलावयास बळ येतें, हें आम्ही आपल्या गांवीं पाहत आहों. तरीसुद्धां एवढें म्हणणें भाग आहे कीं, हातीं आलेला पैसा हें एक साधन आहे आणि नळ, पाळणाघर व सातबाऱ्यावरील नांव हीं दुसरीं साधनें आहेत. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं.

गांवचें अंदाजपत्रक

दिल्लीच्या व मुंबईच्या अंदाजपत्रकास आपला हात पोंचत नाहीं, असें कोणी म्हणेल. पण ग्रामपंचायतीचें अंदाजपत्रक तर चावडीच्या भिंतीआड आहे! महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नाचा शेंकडा १० भाग महिला व बालकल्याणाकडे खर्च करावा, असा नियम आहे. एखाद्या पंचायतीचें उत्पन्न ४ लक्ष रुपये आहे असें समजूं. त्यांतील ४०,००० रुपये या कामाचे. ते कशाकडे गेले, हें आपल्यापैकीं कितीजणांनीं विचारिलें आहे? एके गांवीं ते रुपये शिलाईयंत्रें घेण्याकडे गेलेले आम्हीं पाहिले. त्याच गांवांत मजूर बायांना शेताकडे जातांना लहान मुलास ठेवावयास जागा नव्हती. यंत्रें चांगलींच होतीं, पण तीं घ्यावीं असें कोणत्याही बाईनें सांगितलेलें नव्हतें.

सांगण्याची जागा मात्र कायद्यानें दिलेली आहे. ग्रामसभेपूर्वीं गांवांतील स्त्रियांची सभा घ्यावी, असा महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यांत नियम आहे. पुष्कळ ठिकाणीं ही सभा कागदावर होते आणि वही घरोघर फिरवून सह्या-आंगठे घेतले जातात. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांस राखलेल्या आहेत. तथापि जागा मिळाली तरी जमाखर्च वाचतां आला नाहीं, तर सही करणाऱ्या हाताखेरीज दुसरें कांहीं बदलत नाहीं.

केरळांत १९९६ सालीं लोकांकडून योजना करविण्याची जी मोठी मोहीम निघाली, तींत स्थानिक संस्थांनीं आपल्या योजनेच्या पैशांतील निदान शेंकडा १० भाग स्त्रियांच्या योजनांस द्यावा, असा दंडक पुढें घातला गेला. तेथील अनुभवही हेंच शिकवितो. पैसा राखून ठेवणें ही पहिली पायरी आणि त्याचें काय करावयाचें तें स्त्रियांनीं एकत्र बसून ठरविणें ही दुसरी. १९९८ सालीं निघालेल्या 'कुटुंबश्री'च्या शेजारगटांनीं दुसऱ्या पायरीस मोठा हात दिला.

आपल्या हातीं काय आहे

आमच्या अनुभवावरून शेतकरी बंधुभगिनींस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची सभा खरोखरीच भरवावी आणि तींत पंचायतीचें अंदाजपत्रक मोठ्यानें वाचून दाखवावयास लावावें. गेल्या सालीं १० टक्क्यांतून काय झालें, तरतूद किती होती व खर्च किती झाला, हे दोनच प्रश्न विचारावे.

२. शेतकी खात्याच्या योजनांची जी यादी गांवीं लागते, तींत स्त्रियांचीं नांवें मोजावीं. शंभरांत किती आहेत तो आंकडा ग्रामसभेंत सांगावा व इतिवृत्तांत लिहवून घ्यावा. केंद्राच्या शेतकी योजनांत स्त्रियांसाठीं निदान शेंकडा ३० खर्च व्हावा, अशी सूचना आहे. तिच्याशीं तो ताडून पाहावा.

३. घरांत कोणी वारल्यास वारसाची नोंद लांबणीवर टाकूं नये. नोंदींत विधवेचें व मुलींचें नांव आहे कीं नाहीं, हें फेरफार मंजूर होण्यापूर्वींच पाहावें. उशीर झाला म्हणजे काय होतें, तें गारपिटीच्या यादीवरून वाचकांनीं पाहिलेंच आहे.

४. ज्यांची जमीन आपल्या एकट्याच्या नांवें आहे, त्यांनीं पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठीं अर्ज करावा. या कामीं आमच्यासारख्या निवृत्त माणसांनीं अर्ज लिहून द्यावे. लेखणी झिजविण्याचा आमचा अभ्यास आहेच.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख संपवितों. वडील वारल्यावर आमच्या बहिणीनें हक्कसोडपत्रावर सही केली. तो कागद आम्हींच आमच्या हातानें लिहिला होता. 'तुला पाहिजे का?' असें आम्हीं तिला विचारिलें नाहीं आणि तिनेंही कांहीं म्हटलें नाहीं. भाऊबीजेस ती दरसाल येते, आम्ही तिला लुगडें देतों आणि ती हंसून घेते. कायद्याप्रमाणें तो कागद आजही बिनचूक आहे. पण त्या गारपिटीच्या यादीप्रमाणें तो आम्हांस अलीकडे वारंवार आठवतो. गेल्या महिन्यांत आम्हीं आपल्या सातबाऱ्यावर पत्नीचें नांव लावण्याचा अर्ज दिला आहे आणि बहिणीस घरीं बोलावून तोंडानें जें पूर्वींच विचारावयास हवें होतें, तें यंदा विचारावयाचें ठरविलें आहे. देशाचें अंदाजपत्रक सुधारावें असें म्हणणाऱ्यानें आपल्या घरच्या जमाखर्चाची वही आधीं उघडली पाहिजे.